पक्का गिअर

उर्मिलानं पॉलिशचा शेवटचा हात फिरवून गिअर कापडावर ठेवला. भट्टीत कार्बन देऊन, लालबुंद असतानाच तेलात विझवून, वर बारीक छऱ्यांचा मारा करून तिनं त्याचे दात वरून कडक आणि आतून चिवट केले होते.

"अक्का, हा काय आता तुटत नाही बघ!" धाकटा भाऊ इंद्रजित हरखून म्हणाला. "पुढच्या ड्रॅग रेसला गाडीला मोठं इंजिन बसवतो."

उर्मिलाचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी दुसऱ्या कारखान्यातून करून आणलेल्या गिअरचा दात भर वेगात उडाला, मागचं चाक जाम झालं आणि इंद्रजित मोटरसायकलवरून लांब फेकला गेला. त्याच्या मांडीत अजून सळई होती. त्याचा जीव जाऊ नये म्हणून त्याचे गिअर ती स्वतः करू लागली. पण गिअर जितका टिकाऊ होई, तितक्या जोरात इंद्रजित गाडी पळवी.

"हा शेवटचा. यापुढं मी करणार नाही," ती म्हणाली.

"राहू दे की. दुसरीकडनं करून घेतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, धमकीही नव्हती. तो खरोखरच करून घेणार होता.

उर्मिलानं भट्टीचं दार उघडलं. मग त्याच्याकडे न वळताच तिनं विचारलं, "नव्या इंजिनाची ताकद किती? त्या मानानं कडक थर जाड द्यावा लागेल."