दुसरीची हाडं

एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाळाची फिल्म पडद्यावर मोठी केली. तीन महिन्यांची मुलगी, मांडीचं हाड ताजं मोडलेलं. ते कुणालाही दिसलं असतं. त्यांची नजर मात्र पाठीकडच्या बरगड्यांवर अडली. मणक्याच्या बाजूला तीन बरगड्यांवर गाठी होत्या. मोडून पुन्हा सांधत आलेल्या.

"पाय आजचा आहे," त्या म्हणाल्या. "बरगड्या दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या."

"कूस बदलताना पलंगावरून पडली म्हणून सांगितलं ना!" वडील म्हणाले.

"तीन महिन्यांचं मूल कूस बदलून पलंगाच्या कडेला येत नाही. आणि पडून अशा बरगड्या मोडत नाहीत. आवळल्यावर मोडतात."

"मग हाडंच कच्ची असतील. आमच्या घराण्यातच आहे ते. माझ्या काकांचा पाय साधं ठेचकाळून मोडला होता."

शेजारी आई बसली होती.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. ठिसूळ हाडांची मुलं त्यांनी पाहिली होती. दोनदा तर आईबापांवरचा आळ त्यांनीच याच पडद्यासमोर पुसून टाकला होता.

"असू शकतं," त्या म्हणाल्या. "शहानिशा करू. केसपेपरवर जुळं लिहिलंय. दुसरी कुठेय?"

"घरी, माझ्या आईजवळ. तिला काय धाड भरलीय? टुणटुणीत आहे."

"दोघी दिसायला सारख्या?"

"सारख्या म्हणजे अगदी एकच," आई पहिल्यांदाच बोलली. "ओळखायला एकीच्या नखाला रंग लावते मी."

"मग हाडंही सारखीच असणार. तिलाही घेऊन या."

"काही गरज नाही," वडील म्हणाले. मग बायकोकडे वळून, "तू बस इथेच."

आई उठली. वॉर्डातल्या सिस्टर तिच्यासोबत गेल्या. दुसरीला घेऊन ती परत येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी बालसंरक्षण अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं होतं. त्या अधिकारी बाई वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

दुसरीच्या डोक्यापासून पावलांपर्यंत वीसेक फिल्म काढल्या. प्रत्येक वेळी आईने तिचा चिमुकला हात नाहीतर पाय धरून ठेवला. ती एकदाच रडली, तेही गार टेबलामुळे. दोघींचं रक्त तपासलं. मग डॉक्टरीणबाई एकेक फिल्म सावकाश पाहत गेल्या. कवटी. बरगड्या. हात. पाय. शेवटच्या फिल्मनंतर त्यांनी खुर्ची वळवली.

"हिला काहीही झालेलं नाही. एक चरासुद्धा नाही."

"बघा!" वडिलांनी मांडीवर थाप मारली. "मी काय सांगत होतो? उगाच आमच्या डोक्याला ताप!"

"हाडं कच्ची असती, तर हिचीही असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तही दोघींचं चांगलं आहे. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिते आहे. मोडलेल्या हाडांत दोष नाही. ती कुणीतरी मोडली आहेत."

"कुणीतरी म्हणजे? घरात काय एक माणूस आहे का?"

आईने मांडीवरच्या मुलीचं झबलं नीट केलं. तिला उचलून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अधिकाऱ्यांच्या स्टुलापाशी जाऊन उभी राहिली.

"लिहून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "ही रात्री माझ्याजवळ झोपते. ती यांच्याजवळ."