अकरावी गाठ

हुडकेश्वर रोडवर सकाळी दहाला कुणी कुणासाठी ब्रेक दाबत नाही. तरी अंगणवाडीच्या मदतनीस यमुताई रोज दहा पोरं पलीकडे नेत, आणि नऊ वर्षांत एकालाही खरचटलं नव्हतं. नवी सेविका मुग्धा कौतुकानं बघतच राही.

साधन काय, तर एक सुती दोर. पुढचं टोक यमुताईंच्या मुठीत, मागे एकेका गाठीला एकेक पोर. कडेला थांबून त्या रस्त्याकडे बघतही नसत. मुठीतला दोर सैल पडला, की म्हणत, "चला."

पोरं दहा होती, गाठी अकरा. शेवटची गाठ कुणीच धरत नसे, तरी तीही बाकीच्यांसारखीच इवल्या हातांनी मळलेली होती.

"ही गाठ रिकामी काहून, यमुताई?"

"तिले हात नोको लावू वं," एवढंच त्या म्हणाल्या.

परवा यमुताई तापानं पडल्या. मुग्धानं दोर घेतला. रस्ता मोकळा दिसला म्हणून तिनं पाऊल टाकलं, आणि मागून असा हिसका बसला की ती कडेला परत आली. पाण्याचा टँकर तिची ओढणी उडवत गेला.

"कोणं ओढलं रे?"

"त्यानं," चार वर्षांची गुंजन मागे बघून हसली. "तो रोजच ओढते, मॅडम."

शेवटच्या पोरामागे कुणीच नव्हतं. अकरावी गाठ मात्र हवेत, लहान मुलाच्या हाताइतक्या उंचीवर, ताणून धरलेली होती.

रस्ता रिकामा झाला. मुग्धाच्या मुठीतला दोर हळूच सैल पडला.

"चला," दहाही पोरं म्हणाली.