अविवाहित असल्याचा दाखला

"साहेब दौऱ्यावर गेलेत. सोमवारी या," कारकून म्हणाला, आणि अंबादास मास्तरांनी हातातली छत्री त्याच्या टेबलावर आपटली.

"मागच्या सोमवारी पण दौऱ्यावरच होते."

"मग मी काय करू? गाडीतून उतरवून आणू त्यांना?"

मास्तर तणतणत बाहेर पडले. कळंबहून एस.टी.नं उस्मानाबादला यायचं, कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळायचं आणि हात हलवत परत जायचं, हे उन्हाळ्यापासून चाललं होतं. मागणं तरी केवढं? मुलगा राघवेंद्र अविवाहित आहे, एवढ्याचा एक दाखला. एक ओळ आणि एक शिक्का. तेवढ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाच्या चपला झिजवायच्या, याला काय म्हणावं!

राघवेंद्र जर्मनीत यंत्रांच्या कारखान्यात होता. शिकाऊ म्हणून गेलेला, आणि ती मुदत दिवाळीला संपत होती. पुढे सरळ परतीचं जहाज. पण तिथली हेल्गा नावाची मुलगी त्याच्याशी लग्नाला तयार होती, आणि तिथल्या बाईच्या नवऱ्याला तिथं राहायची, नोकरी करायची मुभा होती. अडलं होतं ते दाखल्याशी. त्याशिवाय लग्न लावणार नाही, असं तिथल्या कचेरीनं बजावलं होतं.

गोरी सून येणार म्हटल्यावर त्याच्या आईनं, चंद्रप्रभाबाईंनी, आधी अन्न सोडलं होतं. आता त्या स्वतःच दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "झालं का काम?" पोरगा परत यायचा आणि पुन्हा आपल्या ईट गावच्या शाळेत पोरांना पाढे शिकवायचा, हे त्यांना हेल्गापेक्षाही वाईट वाटत होतं.

त्या दिवशीही मास्तर उन्हातान्हातून घरी पोचले. शारदानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तिकडचं काही कळलं?"

"कळतंय कपाळ!" मास्तर खेकसले.

शारदा रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

ईट सोडून ते तिघं कळंबला भाड्याच्या घरात आले त्याला वर्ष होत आलं होतं. निवृत्तीनंतर बाजारपेठेचं गाव बरं, असं मास्तर सांगत. शेजारच्या कमलबाईला शारदाची फार कणव यायची.

"अशी गुणाची लेक, आन् नवऱ्यानं नांदवू नये तिला? लई सोसलं बघा मास्तर तुमी."

"चालायचंच," म्हणून मास्तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरत.

अखेर साहेब दौऱ्यावरून परतले. त्यांनी दाखला दिला नाही, पण चौकशीला माणूस पाठवतो म्हणाले. अव्वल कारकून शरणबसप्पा घरी येऊन जबाब घेणार होते. आदल्या संध्याकाळी मास्तरांनी शारदाला समोर बसवलं.

"दादाचं लग्न झालेलं नाही, एवढंच सांगायचं. वर एक अक्षर बोलायचं नाही."

"आणि माझं काय?"

"तुझंही बघू की. आधी त्याचं मार्गी लागू दे."

"बघू, बघू. किती दिवस ऐकायचं हे मी?"

"तुझ्यापायी आता त्याचं अडायला नको," चंद्रप्रभाबाई चुलीपासून म्हणाल्या. शारदा उठली. त्या रात्रीच्या भाकरी तिनं इतक्या जोरानं थापल्या, की कमलबाईनं भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारलं.

शरणबसप्पा सकाळीच आले. गोल चेहऱ्याचा, अघळपघळ माणूस. कमलबाईचा नवरा बलभीम आणि समोरचा कोंडीराम यांना पंच म्हणून ओसरीवर बसवलं. मास्तरांचा जबाब झाला, चंद्रप्रभाबाईंचा झाला. मग शरणबसप्पांनी बलभीमला विचारलं.

"मास्तराच्या पोराचं लगीन झालंय का न्हाय?"

"न्हाय की साहेब. वरीस झालं शेजाराला हावं आमी. बायको असती तर दिसली नसती व्हय?"

सगळे हसले. शरणबसप्पाही हसले. मास्तरांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली. चंद्रप्रभाबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या.

"आणि या कोण?" शरणबसप्पांनी दारातल्या शारदाकडे पाहत विचारलं.

"माझी लेक, शारदा," मास्तर म्हणाले. "नवऱ्यानं टाकलंय हिला. इथंच असते."

"अरेरे. या बाई, असं पुढं या. तुमचा जबाब घेतला की सुटलो आपण." त्यांनी टाक दौतीत बुडवला. "हं. पहिल्यांदा भावाचं नाव सांगा."

शारदा चौकटीला धरून उभी राहिली.

"घाबरायचं काय त्यात? नुसतं नाव सांगा."

"राघवेंद्र," मास्तर घाईनं म्हणाले. "राघवेंद्र अंबादास. लिहा तुम्ही."

"तुम्ही न्हाय हो मास्तर. जबाब बाईंचा हाय, त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे."

"लाजाळू आहे ती."

"सख्ख्या भावाचं नाव घ्यायला कसली लाज?"

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. सगळं पढवलं होतं, एवढंच राहिलं होतं. आतून चंद्रप्रभाबाईंचा आवाज आला, "घे गं बाई नाव! घे एकदाचं!"

शारदानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. डोक्यावरचा पदर नीट केला, ओसरीवर आली आणि शरणबसप्पांच्या पुढ्यात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली,

"दारापुढं तुळस, तिच्यावर माझं लक्ष,
राघवेंद्ररावांचं नाव घेते, पंच आहेत साक्ष."