लागण

आत्याच्या मळ्यात पालकावर आलेला नवा रोग संसर्गाचाच आहे, हे सिद्ध करायला एकच वाट होती: तो एखाद्या धडधाकट रोपाला मुद्दाम लावायचा आणि तेही आजारी पडतं का बघायचं. आत्यानं कुंडीत लावून दिलेल्या रोपाला लागण केल्यापासून, पिकांचे रोग शोधणाऱ्या भाचीचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातातला घास टाकून ती प्रयोगशाळेत पळायची, पानं उलटीपालटी करायची आणि रोगालाच दटावायची, "मेल्या, अख्खा मळा खाल्लास, मग इथेच कसले नखरे?"

आज अखेर पानावर मळ्यातल्यासारखाच जांभळा ठिपका उमटला. तिनं तिथूनच फोन लावला.

"आत्या, पडलं एकदाचं आजारी तुझं रोप!"

पलीकडून आत्या म्हणाली,

"तेवढं एकच धड उरलं होतं गं. म्हटलं, तुझ्याकडे तरी जगेल."