कोरा फॉर्म

नावाची पाटी सकाळीच लागली होती. भास्कर देवतळे, अवर सचिव. भास्करनं ती दोनदा बाहेर जाऊन पाहिली, एकदा तर फोन आल्याचं निमित्त करून. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कारकून म्हणून चिकटलेल्या माणसाला एवढी हौस माफ असावी. पाटी पाहायला ताईनं यावं म्हणून त्यानं जुन्या शहरात, बूढापाऱ्यातल्या तिच्या घरी गाडी पाठवली होती. ती रिकामी परत आली. ताई बसनं आली, आणि नव्या रायपुरात बस म्हणजे तासभर वाट.

सुनेत्राताई पाटीकडे न बघता आत आली. रणजितला, तिच्या नवऱ्याला, जाऊन तीन महिने झाले होते. भोपाळच्या भाड्याच्या खोलीत, एकटाच गेला.

"ताई, गाडीत काहून नाही बसली?"

तिनं पिशवीतून पेन्शनचा फॉर्म काढला. भास्करनं सवयीनं हात पुढे केला. घरादाराचे सगळे फॉर्म तोच भरायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं. लहानपणी ताईनंच हात धरून वळवलेलं. पण फॉर्म तिनं आपल्याकडेच ठेवला आणि दुसराच एक कागद टेबलावर सरकवला.

"यायच्या भोपालच्या पेटीत सापडला."

भोपाळपासून राज्य वेगळं झालं त्या वर्षीच्या फॉर्मची झेरॉक्स होती. रायपुरात राहता की भोपाळला जाता, असं सरकारनं प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारलं होतं. रणजितची आई तेव्हा दवाखान्यात होती. त्यानं घाईत कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि मेव्हण्याच्या, म्हणजे भास्करच्या, हाती दिला. रायपुर लिही, बाकीचं तू भर. खाली रणजितची सही होती, आणि वर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, भोपाल.

दोघं एकाच खात्यात, रणजित चार महिन्यांनी सीनियर होता आणि रायपुरात वरची जागा एकच होती.

"मी त्यायले परत आणणार होतो," भास्कर म्हणाला. "मले जागा मिळाली की लगेच. बदलीचे अर्ज मीच लिहिले ना, ताई. नऊ अर्ज."

"हव. तूच लिहिले. पहिल्याच अर्जाचं उत्तर आलं होतं, तुम्हीच भोपाल मागितलं म्हणून. हा कागद त्याच्यासंगंच होता."

पुढचे आठ अर्ज रणजितनं भास्करसमोर बसून त्याच्याकडून लिहून घेतले होते. दिवाळीला घरी आला की, चहा पीत. यंदा होईल काम, म्हणायचा.

"म्हणजे त्यायले माहीत होतं?"

"बारा वर्षं."

"मग बोलले काहून नाही? मले नाही तर तुले तरी."

ताईनं पेन्शनचा फॉर्म टेबलावर उघडला.

"मले माहेर म्हणून तू एकटाच होता," ती म्हणाली.

भास्करला हंबरडा फोडावासा वाटला. पण दारात चपराशी भैय्यालाल उभा होता. "साहब, मिठाई बाँट दूँ?" भास्करनं त्याला हातानंच जायला सांगितलं.

"दे ताई. मी भरतो."

तिनं त्याचा हात बाजूला केला. झिडकारला नाही, टेबलावरचा कप सरकवावा तसा सरकवला. मग स्वतःचं पेन काढून ती लिहू लागली. नाव, पत्ता, मयताशी नातं. अक्षराचं वळण तेच, त्याच्यासारखं. जे रकाने रिकामे राहिले, त्या प्रत्येकावर तिनं आडवी रेघ मारली. सही सगळ्यात शेवटी केली.

मग तिनं मान वर केली.

"आज तारीख काय आहे, साहेब?"