पाठमोरी निवड

रश्मीचं लग्न झालं त्या साली गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं झाली होती. लग्नाच्या मांडवाच्या बल्ल्या अजून अंगणात पडून होत्या, आणि तिचा धाकटा भाऊ जीवन सायकल मारत नाकाडोंगरीहून चिखल्याला निघाला होता. त्या दिवशी कबड्डीच्या संघाची निवड होती.

चिखल्याच्या खाण कॉलनीतलं मंडळ दर साली धान कापायच्या आधी संघ निवडत असे. कापणी झाली की गावोगाव सामने सुरू होत. तुमसरच्या सामन्यांना नागपूरच्या एका मोठ्या संघाचे लोक येत. गडी आवडला तर ते त्याला नोकरी देत. चढाई करणाऱ्याची एकच जागा उरली होती. ती जीवनला हवी होती, आणि कॉलनीतल्या अनुपलाही.

निवड करायचा डोमा. जीवनच्या आईचा बाप. जुना खेळाडू, सारी उमर खाणीत सुरुंग लावण्यात गेलेली. मोहाच्या झाडाखाली स्टूल टाकून तो मैदानाकडे पाठ करून बसे. आपला कोण, परका कोण, दिसायलाच नको. चढाईवाल्याचा दम ऐकायचा, पसंत पडला तर हात वर करायचा. नाही पडला तर हात मांडीवरच. मागून कोणी कितीही वाद घालो, डोमा मान वळवत नसे. लोक म्हणत, न्याय करणारा असाच पाहिजे.

त्याच्या समोर, मैदानाकडे तोंड करून, त्याची बायको बायजाबाई पोत्यावर बसलेली असे. तिच्या मांडीवर तांदळाचं सूप.

"काकू, तांदूळ निवडाले आजचाच दिवस भेटला का वो?" मंडळाचा घनश्याम दर साली विचारी.

"तुमी गडी निवडा, बापू. मले खडे निवडू दे."

पोरं हसत.

त्या दिवशी अनुप आधी गेला. कबड्डी कबड्डी म्हणत डावा कोपरा शिवून परत आला. बायजाबाईनं सुपातला एक खडा टिपून बाजूला टाकला. डोमाचा हात वर गेला.

मग जीवन. त्याचा दम अनुपपेक्षा लांब चालला. दोघांना शिवून तो रेषेवर आला तेव्हा मैदानात टाळ्या पडल्या. बायजाबाईनं सूप नुसतं पाखडलं. डोमाचा हात हलला नाही.

"बुढ्यानं सख्ख्या नातवाले कापलं!" कोणीतरी म्हणालं. त्यात कौतुकच होतं.

जीवन डोमाच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. "आजा, काहून? माह्या दमात काय कमी होतं?"

डोमा समोर बघत राहिला. बायजाबाई म्हणाली, "ऐकलं का जी, जीवन विचारते, काहून नाही घेतलं."

"अजून कच्चा हाय!" डोमा ओरडून बोलला. खाणीतली सगळीच माणसं ओरडून बोलत.

संध्याकाळी आजीनं तेल गरम केलं. जीवनचा डावा गुडघा मांडीवर ओढून घेतला.

"काही नाही झालं त्याले," जीवन म्हणाला.

"वळताना उजव्याच पायावर वळून राहिला तू. डाव्यावर जोर देत नाहीस."

"आजी, तुले कबड्डीतलं काय समजते?"

बायजाबाई हसली आणि गुडघा चोळत राहिली. "रोज तेल लाव. दौडू नको सध्या. पुढच्या साली ये."

"पुढचं साल म्हणजे शेवटचं. त्याच्यानंतर वयात बसत नाही मी."

"म्हणूनच म्हटलं, तेल लाव."

जीवननं वर्षभर रोज तेल लावलं. उन्हाळ्यात गुडघ्याची कळ गेली. पावसाळ्यात चिखलात दोन्ही पायांवर वळायला लागला. आजाचं तोंड मात्र त्यानं पाहिलं नाही. चिखल्याला आला तरी तो आजीशीच बोलून परत जाई.

पुढच्या साली निवडीच्या सकाळी डोमानं स्वतःच मोहाखाली पोतं अंथरलं. त्यावर सूप ठेवलं. मग स्टुलावर मैदानाकडे पाठ करून बसला. या खेपेला घनश्यामनं काही थट्टा केली नाही.

जीवनचं नाव पुकारलं. त्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रेषा ओलांडली. दम भरून आत गेला. एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला. तेवढ्यात तिसऱ्यानं डावा पाय धरला. दोघं अंगावर पडले. जीवन त्याच डाव्या पायावर वळला, दम न सोडता सगळ्यांना ओढत रेषेपाशी आला आणि बोटं टेकवली.

अख्खी कॉलनी ओरडली. अनुपसुद्धा ओरडला.

जीवननं आजाकडे पाहिलं. हात मांडीवर होता.

मग अनुप गेला. हात मांडीवर. परसराम गेला, धनीराम गेला. सगळ्यांच्या चढाया झाल्या. हात एकदाही वर गेला नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. घनश्याम मागून म्हणाला, "काका, एकही नाही? असं कसं जी?"

डोमानं मान वळवली नाही.

जीवनच्या अंगातून आग निघत होती. मातीनं माखलेला तो तरातरा झाडाखाली गेला, आजाच्या खांद्यामागे उभा राहिला आणि जीव खाऊन ओरडला, "आजा! या साली तरी सांग, काहून?"

डोमाची नजर पोत्यावरच्या रिकाम्या सुपावर होती. मग समोर बघतच मोठ्यानं म्हणाला, "घनश्याम, सुरू करा ना बे! केव्हाचा वाट पाहून राहिलो!"

बायजाबाई त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेली होती.