सळईने दिलेला वेळ

या मंडळी, जवळ बसा, भांडुपच्या एका बिल्डिंगची गोष्ट सांगतो. कॉलमपाशी बीम चिरून खाली सरकला होता नि आतली सळई वाकली होती. इंजिनीअर ऋता सेक्रेटरी दशरथला म्हणाली, "काका, तुटण्याआधी सळई अशी वाकते. तेवढाच पळायला वेळ. सगळ्यांना आत्ताच बाहेर काढा." दशरथने सगळी बिल्डिंग रिकामी केली. त्याची बायको वनमाला मात्र हलेना. "घरात गणपती बसलाय. विसर्जनाआधी त्याला हलवत नाहीत. मग काय, एकट्याला टाकून पळू? तुम्ही व्हा पुढे." दशरथलाही ते पटलं नि तो एकटाच खाली उतरला. संध्याकाळी बीम तुटला नि वनमालेसकट बिल्डिंग खाली आली. ढिगाऱ्यापाशी गणपती बसवायला आलेले भटजी हळूच म्हणाले, "दशरथराव, मला एक फोन करायचात. अशा वेळी अक्षता टाकून देव कधीही हलवता येतो." मंडळी, आरतीला उभे राहाल तेव्हा वनमालेची आठवण ठेवा.